निवड दोघांची, किंमत तिसरीची

रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि तेथील जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक घेऊन परतला. त्या महोत्सवात पोहोचलेला हा पहिलाच मराठी चित्रपट. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. लोणावळा, कामशेत, तळेगाव भागातल्या आम्हां काही जणांनी तो पाहिला आणि मग त्यावर बरीच वादावादी झाली. त्या वादाबद्दल आणि वादातून जे सुटले त्याबद्दल येथे लिहायचे आहे.

कथा साधी आहे. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांचे सुतक पाळायला आईसोबत मूळ गावी येतो. लग्नाचे वय उलटत चालले आहे आणि नातेवाइकांना तेवढेच दिसते आहे. गावात बालपणीचा मित्र बाल्या भेटतो. शेतीभाती, शेळ्या सांभाळणारा हा तरुणही लग्न टाळत आलेला. दोघांत जवळीक होते. आनंद समलिंगी आहे हे त्याच्या आईला ठाऊक आहे. तरी भावकीपुढे तिने एक गोष्ट रचून ठेवली आहे : एका मुलीने नकार दिला, म्हणून पोराचे मन लग्नावरून उडाले.

मावळातल्या प्रेक्षकाला हे वातावरण परके नाही. आमच्या घरांत सुतक नसते, पण जियारत होते, चाळिसावा होतो. मय्यतीला आलेली खाला जियारतीचे जेवण आटोपता आटोपता घरातल्या थोरल्या मुलाचे काय ठरले म्हणून विचारतेच. त्यातून द्रुतगती मार्ग झाल्यापासून इथल्या जमिनीला भाव आला. सातबाऱ्यावर नाव असलेला मुलगा बिनलग्नाचा राहतो, ही गोष्ट मुलाण्याच्या घरी काय आणि मराठ्याच्या घरी काय, कुणालाच पचत नाही.

वाद झाला तो निवडीवरून. काहींचे म्हणणे, आनंदने मुंबईचे आयुष्य मुंबईत ठेवावे, गावच्या माणसाला त्यात ओढू नये. तरुण मंडळी म्हणाली, बाल्याने सारे सोडून शहर गाठावे. मोबाइलवर मालिका पाहणारी ही पिढी आहे. 'मेड इन हेवन' ही मालिका २०१९ साली आली, तेव्हाही, शाळेत असताना करणने दगा दिलेल्या नवाबने त्याला माफ करावे की नाही, यावर तिची अशीच चर्चा रंगली होती. तिसरा गट वडीलधाऱ्यांचा. त्यांचा तोडगा एकच : बाल्याचे लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल.

पहिल्या दोन गटांचे म्हणणे प्रेमकथेच्या हिशोबात बसते. तिसऱ्याचा तोडगा मात्र आम्हांला भयंकर वाटला, आणि तो किती सहज उच्चारला गेला याचे अधिक वाईट वाटले. कारण या तोडग्यात एक तिसरे माणूस येते, आणि तिला कुणी काही विचारलेले नसते.

निकाहचा पाया ईजाब आणि कबूल. वकील आणि साक्षीदार नववधूपाशी जातात, तिचा होकार घेतात, मगच पुढचे होते. पण ज्या गोष्टीवर तिचे सारे आयुष्य उभे राहायचे तीच तिच्यापासून लपवली असेल, तर त्या होकाराला काय अर्थ उरतो? समलिंगी संबंधांबाबत उलेमांची प्रस्थापित भूमिका वाचकांना माहीत आहे, त्या वादात आम्ही शिरत नाही. ती भूमिका पूर्णपणे मानणाऱ्यालाही हा प्रश्न चुकत नाही. मुलाचे वागणे गुनाह मानले, तरी तो झाकण्यासाठी परक्या मुलीची फसवणूक कोणत्या न्यायात बसते?

उर्दूच्या वाचकांना हे नवे नाही. इस्मत चुगताईंची 'लिहाफ' १९४२ साली छापून आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना लाहोरच्या कोर्टात उभे राहावे लागले. त्या कथेची चर्चा झाली ती रजईखाली काय घडते यावर. कथा सुरू होते ती मात्र एका लग्नापासून. तरुण मुलांत रमणारा नवाब प्रतिष्ठेसाठी बेगम जानला घरात आणतो आणि सामानासारखी ठेवून विसरतो. पुढचे सारे त्या विसरण्यातून येते. म्हणजे नवऱ्याच्या गुपिताची किंमत बायको कशी फेडते, हे ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच भाषेतल्या एका बाईने लिहून ठेवले आहे.

'साबर बोंडं' या जागेच्या अलीकडे थांबतो. आनंदचा पूर्वीचा सोबती लग्न करून मोकळा झालेला आहे. त्या लग्नाने आनंदला झालेले दुःख आपल्याला कळते, त्या बायकोचे काय झाले हे कळत नाही. बाल्यासाठी जी स्थळे पाहिली जातात त्या मुलींचे मनही चित्रपटात फारसे येत नाही. ही उणीव आम्हांला जाणवली. चित्रपट दोघांच्या बाजूला उभा आहे आणि तो त्याचा हक्क आहे, पण मराठीतली 'लिहाफ' अजून लिहायची राहिली आहे असे वाटते.

असे असूनही चित्रपटाचे मोल कमी होत नाही. कानवडे यांनी स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतरच्या अनुभवातून तो उभा केला आहे. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी बसलेला. माणसे कमी बोलतात. कुणाची टिंगल नाही, कुणी खलनायकही नाही. जयश्री जगताप यांनी केलेली आई तर विसरता येत नाही. ही खेड्यातून आलेली साधी बाई मुलाला त्याच्या जागी राहू देते, आणि भावकीपुढे खोटे बोलण्याचे ओझे स्वतः उचलते. आमच्यातल्या एकीने विचारले, या आईच्या खोटेपणात आणि लग्न लावणाऱ्यांच्या खोटेपणात फरक काय? फरक आहे. हिच्या खोट्याची झळ तिला स्वतःला लागते, त्यांच्या खोट्याची दुसऱ्याच्या लेकीला.

कायद्याने ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. या दोन निकालांमधल्या जागेत आनंद आणि बाल्या उभे आहेत. त्यांनी कुणाला निवडावे हे प्रेक्षकांनी खुशाल ठरवत बसावे. घरात मुलगा लग्नाला ठाम नकार देत असेल, तर कारण विचारायचे धैर्य आईबापांत हवे. ते नसेल तर निदान दुसऱ्याच्या दारात रिश्ता घेऊन जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.