संत तुकाराम (चित्रपट)

संत तुकाराम : मराठीतील एक अभिजात बोलपट (१९३६). पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीची ही निर्मिती. दिग्दर्शन विष्णुपंत गोविंद दामले (१८९२–१९४५) व एस. फत्तेलाल (१८८६–१९६४), लेखन शिवराम वाशीकर, संगीत केशवराव भोळे, छायालेखन व्ही. अवधूत. तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी, जिजाईची गौरी यांनी व सालोमालोची भागवत यांनी केली. चित्रपटाची लांबी सु. १३१ मिनिटे आहे. १२ डिसेंबर १९३६ रोजी तो मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात प्रदर्शित झाला व तेथे सलग ५७ आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. परदेशात असा मान मिळविणारा हा पहिला भारतीय चित्रपट मानला जातो.

मराठी चित्रपटसमीक्षेत ‘निर्दोष’, ‘सर्वांगपरिपूर्ण’ यांसारखी विशेषणे ज्या थोड्या चित्रपटांना लाभली, त्यांत संत तुकारामचे स्थान अग्रभागी आहे. अशा कीर्तीमुळे कलाकृतीचे एक नुकसान होते. तिची स्तुती रूढ होते आणि परीक्षण थांबते. या चित्रपटाच्या बाबतीत तसे बऱ्याच अंशी झाले आहे. त्याच्या निर्दोषत्वाचे स्वरूप कोणते, आणि त्या निर्दोषत्वासाठी त्याने कशाचा त्याग केला, हे दोन्ही प्रश्न म्हणूनच विचारात घेणे अगत्याचे आहे.

दोषांची चर्चा भारतीय साहित्यशास्त्रात पुरातन आहे. मम्मटाने (अकरावे शतक) काव्यप्रकाशात काव्याच्या लक्षणातच शब्दार्थांच्या अदोषत्वाचा अंतर्भाव केला. त्यावर विश्वनाथाने (चौदावे शतक) साहित्यदर्पणात आक्षेप घेतला, की असे लक्षण मानल्यास काव्य अत्यंत विरळ होईल किंवा मुळी उरणारच नाही. किड्याने पोखरलेले रत्न रत्नच राहते. या दोघांपूर्वी आनंदवर्धनाने (नववे शतक) काही दोष अनित्य असतात, असे प्रतिपादिले होते. कर्णकटू वर्णरचना शृंगारात दोष ठरते, रौद्रात ठरत नाही. दोष हा रसाच्या अपेक्षेने ठरतो, हा विचार चित्रपटालाही लागू पडतो. संत तुकारामच्या बाबतीत तर तो विशेष उपयुक्त आहे.

कारण तपशिलात पाहता या चित्रपटात उणिवा पुष्कळ आहेत. वैकुंठगमनाच्या दृश्यातील गरुड हा रंगविलेला व जोडकामाचा आहे, हे लहान मुलालाही कळते. सालोमालो हे पात्र नाटकी विनोदाकडे झुकणारे आहे. त्याचा मत्सर प्रत्येक हावभावातून दुप्पट होऊन दिसतो. शिवाजी महाराजांच्या भेटीचा प्रसंग इतिहासापेक्षा आख्यायिकेचा अधिक आहे. कथानक प्रसंगामागून प्रसंग असे चालते. कीर्तनातील आख्यानाप्रमाणे एक चमत्कार संपला की दुसरा सुरू होतो. ज्या कसोट्यांवर त्या काळातील पाश्चात्त्य चित्रपट तपासले जात, त्यांवर यांतील प्रत्येक गोष्ट गुण कमी करणारी ठरली असती. प्रत्यक्ष पाहताना मात्र यांपैकी एकही बाब खटकत नाही. गरुड खरा दिसावा अशी अपेक्षा हा चित्रपट निर्माणच करीत नाही. मराठी माणसाने तुकारामांचे वैकुंठगमन ज्या चित्रांतून व कीर्तनांतून जाणले, त्याच परंपरेतून तो गरुड आला आहे. त्याचे कृत्रिमत्व ही परिचयाची खूण आहे.

हे साधले कसे, याचा शोध निर्मात्यांच्या घडणीत घ्यावा लागतो. दामले व फत्तेलाल हे दोघेही कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभातची स्थापना केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. कंपनीत दामले ध्वनिमुद्रण, तर फत्तेलाल कलानिर्देशन सांभाळीत. प्रभातमध्ये दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला हा पहिला बोलपट. शांताराम यांच्या अमृतमंथनमध्ये (१९३४) कॅमेऱ्याचे कौशल्य प्रेक्षकाच्या नजरेत भरावे असेच योजलेले आहे. याउलट संत तुकाराममध्ये तंत्र दिसत नाही. देहूचे घर, अंगण, ओटा, मंदिर ही स्थळे वापरातली वाटतात. भिंतींचे पोपडे व भांड्यांची झीज यांमागे फत्तेलालांची नजर आहे; पण ती स्वतःकडे लक्ष वेधीत नाही. एक वर्ष आधी प्रभातने एकनाथांच्या जीवनावर धर्मात्मा (१९३५) हा चित्रपट काढला होता. बालगंधर्वांसारखा नट असूनही त्यास अपेक्षित यश लाभले नव्हते. रंगभूमीवरील वैभव पडद्यावर जसेच्या तसे आणता येत नाही, हा धडा प्रभातला त्यातून मिळाला असावा.

संगीताच्या योजनेत हा फरक थेट ऐकू येतो. चित्रपटाच्या आरंभी तुकाराम एका जागी बसून भजन गातात. कॅमेरा त्यांच्यासमोर बराच वेळ स्थिर राहतो. काही घडविण्याची घाई नाही. पाठोपाठ सालोमालो तीच रचना मंदिरात आपली म्हणून गातो, ती मात्र नाट्यसंगीताच्या ढंगाने व हातवाऱ्यांसह. शब्द तेच असले, तरी गाणे खोटे झाले आहे. वाङ्‌मयचौर्याचा आरोप संवादाने मांडण्याआधीच तो कानांनी सिद्ध होतो. भोळे यांनी वारकरी भजनाचे साधेपण जपले. शांताराम आठवले यांनी तुकारामांच्या शैलीत लिहिलेले बीज व वृक्ष यांच्या रूपकाचे पद इतके एकजीव झाले, की अनेक जाणकारांनीही ते तुकारामांचेच मानले. अशी गल्लत होणे ही कोणत्याही गीतकारास मिळालेली सर्वोच्च पावती म्हटली पाहिजे.

पागनीस हे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेले व नंतर भजनगायक म्हणून परिचित झालेले नट. त्यांच्या तुकारामांत रूढ अर्थाचा अभिनय फार थोडा आहे. ते प्रेक्षकाकडे किंवा विठ्ठलाकडे संमुख असतात, गातात, आणि त्यांच्या मुद्रेवरील तृप्तीत फारसा बदल होत नाही. कलासमीक्षिका गीता कपूर यांनी १९८० नंतरच्या दशकात लिहिलेल्या आपल्या निबंधात या संमुख प्रतिमेचे व तिच्या दर्शनमूल्याचे मार्मिक विवेचन केले आहे. दिग्दर्शक कुमार शहानी यांनीही प्रभातच्या संतपटांचा विचार गांभीर्याने केला. पुढे लोकप्रिय चित्रांतून तुकारामांची जी मुद्रा रूढ झाली, तिच्यावर पागनीसांची दाट छाया आहे.

तरीही केवळ पागनीसांवर हा चित्रपट उभा राहिला असता, तर तो एक सुंदर भजनसंग्रह झाला असता. त्याला उभे करते ती गौरी यांची जिजाई. गौरी या प्रभातमध्ये किरकोळ कामे करणाऱ्या नटी होत्या. त्यांची जिजाई चालते, वाकते, ओरडते, म्हैस धुते, मुलांना जेवू घालते. तिला विठ्ठलाचा राग आहे आणि त्या रागाला सबळ कारण आहे : देवाच्या नादाने नवरा घरी दाणा आणीत नाही. मूल आजारी पडते तेव्हा ती त्याला ओढीत मंदिरात नेते आणि हातात वहाण घेऊन देवाला जाब विचारते. भक्तिपटात असा प्रसंग दाखविणे धाडसाचे होते. तो पाहणाऱ्या भाविक प्रेक्षकाला त्यात पाखंड वाटले नाही, कारण जिजाईचे भांडण हेही नात्यातलेच भांडण आहे. छत्रपतींकडून नजराणा येतो, तेव्हा तिला व मुलांना त्याचा मोह पडतो. तुकाराम तो परत करतात. त्या प्रसंगी प्रेक्षकाचे मन तुकारामांना मान देते, परंतु त्याला समजते ते जिजाईचेच दुःख. अखेरीस तुकाराम वैकुंठास बोलावतात, तेव्हाही ती आपल्या संसारापाशीच राहते.

या रचनेमुळे प्रत्येक चमत्काराला घरातच एक साक्षीदार मिळतो, आणि तो साक्षीदार सहजासहजी पटणारा नाही. चित्रपट स्वतःच्या श्रद्धेची कसोटी स्वतःच्या स्वयंपाकघरात लावतो. त्याचे निर्दोषत्व ज्याला म्हणतात, ते बहुतांशी या तोलात आहे. जिजाई वगळून चित्रपटाची कल्पना केली, तर वर सांगितलेल्या सर्व उणिवा तत्काळ डोळ्यांत भरू लागतात.

परंतु याच तोलासाठी मोठी किंमत मोजली गेली आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. गाथेतील सु. साडेचार हजार अभंगांतून जे तुकाराम भेटतात, ते सदैव तृप्त नाहीत. ते स्वतःला दोष देतात, देवाशी भांडतात, दांभिकांवर तुटून पडतात. त्यांची भाषा प्रसंगी अतिशय कठोर होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी रखमा अन्नावाचून मरण पावली, संतू हा मुलगा गेला, व्यापार बुडाला. या आघातांतून वैराग्याकडे आणि वैराग्यातून काव्याकडे झालेला प्रवास हा त्यांच्या चरित्राचा गाभा होय. चित्रपटातील तुकाराम पहिल्या दृश्यातच सिद्ध आहेत. त्यांना कोठेही पोहोचायचे राहिलेले नाही. वह्या इंद्रायणीत बुडविल्या जातात, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी बसतात; या अवधीत त्यांच्या मनात काय चालले असेल, हे पागनीसांच्या शांत मुद्रेवरून कळत नाही. संशय, क्रोध, भूक ही सर्व जिजाईच्या वाट्याला दिली गेली आहेत. पती-पत्नींत वाटून दिलेली ही दोन टोके मूळ कवीच्या एकाच मनात नांदत होती.

तुलनेसाठी कार्ल ड्रायर यांचा जोन ऑफ आर्कवरील मूकपट (१९२८) पाहण्यासारखा आहे. तेथेही एक संतचरित्र आहे, धर्मपीठाचा छळ आहे, आणि चेहऱ्यांच्या निकटदृश्यांवर सारा भर आहे. परंतु ड्रायर यांची जोन मृत्यूच्या भयाने माघार घेते, कबुलीपत्रावर सही करते आणि नंतर ती कबुली मागे घेते. तिचे संतत्व प्रेक्षकासमोर घडते. दामले-फत्तेलाल यांच्या तुकारामांचे संतत्व गृहीत आहे. दोन्ही पद्धतींनी थोर चित्रपट होऊ शकतो, हे उघडच आहे. पण दुसरी पद्धत कवीपेक्षा संताला अधिक मानवते.

सामाजिक संघर्षाच्या बाबतीतही असेच झाले आहे. शूद्राने धर्मचर्चा करावी की नाही, हा वाद रामेश्वर शास्त्रींच्या प्रसंगात येतो खरा. तथापि कथेतील विरोधाचा मुख्य भार सालोमालोच्या वैयक्तिक मत्सरावर टाकल्यामुळे व्यवस्थेचा प्रश्न एका हास्यास्पद माणसाच्या दुर्गुणापुरता उरतो. १९३६ च्या प्रेक्षकाला हे सोयीचे होते. व्यावसायिक चित्रसंस्थेकडून याहून अधिक अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. पण समीक्षेने त्याकडे डोळेझाक करण्याचेही कारण नाही.

याच दिग्दर्शकद्वयाने पुढे गोपालकृष्ण (१९३८) व संत ज्ञानेश्वर (१९४०) हे चित्रपट केले. संत ज्ञानेश्वरमधील भिंत चालविण्यासारखी युक्तिदृश्ये तांत्रिकदृष्ट्या अधिक सफाईची आहेत, मांडणी भव्य आहे. असे असूनही रसिकांच्या मनात त्याने संत तुकारामची जागा घेतली नाही. तेथे चमत्काराला अडविणारी जिजाई नव्हती.

प्रभातच्या पुण्यातील जागेत १९६० मध्ये भारत सरकारची चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली. पुण्यातच १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि प्रभातचे चित्रपट अभ्यासकांना उपलब्ध होत गेले. चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित तुकाराम (२०१२) या चित्रपटात जितेंद्र जोशी यांनी प्रमुख भूमिका केली. जुन्या चित्रपटाने सोडून दिलेला भाग, म्हणजे तुकारामांचे बालपण, व्यवसाय, दुष्काळ व रखमेचा मृत्यू, यात सविस्तर आला आहे. त्यातील तुकाराम घडताना दिसतात. प्रभातच्या चित्रपटातील एकसंधता मात्र या नव्या प्रयत्नात आढळत नाही. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले असता गाथेतील कवीचे रूप पुष्कळसे पूर्ण होते.