सॉफ्टवेअरच्या परीक्षकांना किती गुण द्यावेत?

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी सातबाऱ्यावर पिकाची नोंद तलाठी करीत असे. आता ती शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, शेतात उभे राहून आणि पिकाचे छायाचित्र काढून करावी, अशी ही योजना. भंडारा जिल्हा धानाचा. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी नाव नोंदवताना पीक नोंदलेला सातबारा लागतो. तेव्हा पडद्यावरची एखादी सूचना समजली नाही, तर पवनी किंवा लाखांदूरच्या शेतकऱ्याचा संबंध वर्षाचा हिशेब बिघडू शकतो.

असे सॉफ्टवेअर वापरायला सुलभ आहे की नाही, हे ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे खऱ्या वापरणाऱ्यांच्या हाती ते देऊन निरीक्षण करणे. दुसरा म्हणजे जाणकारांनी टेबलापाशी बसून त्याची तपासणी करणे. दुसरा मार्ग स्वस्त आणि झटपट असल्यामुळे तो लोकप्रिय झाला. आमचा प्रश्न या दुसऱ्या मार्गाविषयी आहे. तपासणी करणाऱ्या पद्धतींची तपासणी कोणी केली आहे काय?

या पद्धतींपैकी दोन प्रमुख आहेत. जेकब नीलसन आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये ठोकताळ्यांची पद्धत मांडली. काही सर्वमान्य नियम हाती घ्यायचे आणि प्रत्येक पडदा त्यांच्याशी ताडून पाहायचा. काय चालले आहे ते वापरणाऱ्याला कळते का? चूक झाल्यास परत फिरता येते का? भाषा त्याच्या ओळखीची आहे का? त्याच सुमारास पायरीपायरीने चालून पाहण्याची पद्धत आली. तीत नवख्या माणसाच्या जागी स्वतःला कल्पून प्रत्येक पायरीला विचारायचे की त्याला हेच करावेसे वाटेल का, बटण दिसेल का, ते आपल्याच कामाचे आहे हे उमगेल का, आणि दाबल्यावर काम पुढे सरकले हे कळेल का.

१९९१ मध्ये रॉबिन जेफ्रीज व सहकाऱ्यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या एका सॉफ्टवेअरवर चार पद्धतींची तुलना केली. ठोकताळ्यांच्या पद्धतीने सर्वांत जास्त दोष शोधले. मग पहिला क्रमांक तिलाच द्यावा काय? येथेच शिक्षकांच्या परिचयाची अडचण उभी राहते. जास्त पुरवण्या लावणाऱ्या विद्यार्थ्याला जास्त गुण, असा हा न्याय झाला. परीक्षकाने लिहिलेला प्रत्येक दोष खरा असतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त परीक्षकाला खटकलेला असतो.

रेक्स हार्टसन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यासाठी जी मापे मांडली ती वर्गात सोडवून घेण्याजोगी आहेत. समजा, एका सॉफ्टवेअरमध्ये २० खऱ्या अडचणी आहेत. पहिल्या पद्धतीने ३० दोष सांगितले, त्यांतले १२ खरे निघाले. तिची व्यापकता २० पैकी १२, म्हणजे ६० टक्के; अचूकता ३० पैकी १२, म्हणजे ४० टक्के. दोहोंचा गुणाकार २४ टक्के. दुसरीने १० च दोष सांगितले, पण ८ खरे. व्यापकता ४० टक्के, अचूकता ८० टक्के, गुणाकार ३२ टक्के. कमी बोलणारी पद्धत पुढे गेली! गणित सुबक आहे, पण त्यातली २० ही संख्या आणायची कोठून? ती शेवटी खऱ्या माणसांना वापरताना पाहूनच मिळवावी लागते, आणि तीही अपुरीच मिळते. टेबलावरची तपासणी स्वतःचे गुण स्वतःच देऊ शकत नाही, हा आमच्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

१९९८ मध्ये वेन ग्रे आणि मेरिलिन साल्झमन यांनी या क्षेत्रातले पाच गाजलेले प्रयोग उकलून पाहिले. जेफ्रीज यांचा प्रयोगही त्यांत होता. प्रयोगात माणसे थोडी, आणि निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठे, असा त्यांचा आक्षेप होता. त्यावर बरेच वादळ उठले. आम्हांला आक्षेप रास्त वाटतो. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनातही आपण एवढी सूट देत नाही.

दुसरा धक्का २००१ चा. मोर्टन हर्टझुम आणि नील्स एबे याकोबसन यांनी ११ अभ्यास एकत्र पाहिले. एकच सॉफ्टवेअर एकाच पद्धतीने तपासणाऱ्या कोणत्याही दोन परीक्षकांच्या यादींत सरासरी मेळ ५ ते ६५ टक्केच होता. बोर्डाच्या उत्तरपत्रिकांत असा फरक पडला असता तर नियामकांनी गठ्ठाच परत पाठवला असता. वापरणाऱ्यांचे निरीक्षण करणारेही यातून सुटत नाहीत. मोलिक यांच्या पाहणीत नऊ गटांनी हॉटमेलची चाचणी केली. एकूण ३१० अडचणी नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश फक्त एकेका गटालाच दिसल्या.

मग तपासणी सोडून द्यावी? नाही. नीलसन यांचाच १९९२ चा एक अभ्यास वाट दाखवतो. दूरध्वनीवरून चालणाऱ्या एका बँक सेवेची तपासणी करताना नवख्या परीक्षकाला एकट्याने सरासरी २२ टक्के दोष सापडले, वापरसुलभतेच्या जाणकाराला ४१, आणि वापरसुलभता व त्या जातीची सेवा या दोन्हींचे ज्ञान असलेल्याला ६० टक्के. एकाच परीक्षकावर विसंबू नये आणि परीक्षक दुहेरी जाणकार असावा, हे यातून निघते. 'दुहेरी' या शब्दात आम्ही आणखी भर घालू. त्याला वापरणाऱ्याचे कामही माहीत हवे.

ई-पीक पाहणीकडेच पाहा. शहरातला परीक्षक अक्षरांचा आकार, रंग, परत जाण्याचे बटण हे नेमके तपासील. पण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि शेतकरी एकरात बोलतो. सातबाऱ्याला गट कळतो, तर त्याच्या डोक्यात 'तळ्याकडची बांधी' असते. यादीत 'भात' लिहिले असेल, तर 'धान' शोधणारा किती वेळ शोधील? रोवणीच्या दिवसांत ओल्या हातांनी पडदा चालतो का? हे प्रश्न ठोकताळ्यांच्या कागदावर नसतात. चालून पाहण्याच्या पद्धतीत मात्र ते येऊ शकतात, पण चालणाऱ्याने बांधी पाहिलेली असेल तरच. नवख्यांसाठीच्या सॉफ्टवेअरला आम्ही हीच पद्धत आधी लावू, मग तिची मोजणी कितीही कमी भरो.

२०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय आली, आणि छायाचित्र घेणारा गटापासून दूर असल्यास तसा संदेश दाखवण्याची व्यवस्थाही. पहिली सुधारणा ठोकताळ्यांच्या यादीवरून कोणीही सुचवली असती. दुसरीचा संदेश वाचून साकोलीच्या शेतकऱ्याला कोणत्या दिशेने किती चालायचे ते कळते का, हे मात्र दोघा-तिघांनी वेगवेगळे तपासून आणि पाच-सहा शेतकऱ्यांना बांधावर पाहूनच सांगता येईल. गावातल्या शाळेची दहावीची मुले, ज्यांच्या हातून घरची नोंद बहुधा होते, हे काम एका रविवारी करू शकतील. मात्र प्रत्येकाने आपली यादी आधी स्वतंत्र लिहावी, आणि ती शेजाऱ्याला दाखवू नये.