दोन ‘विक्रम’ का दिसले?

इंदापूर तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही चांद्रयान-3 च्या ‘विक्रम’चे त्रिमित चित्र पाहिले. 5 सप्टेंबर 2023 रोजी इस्रोने प्रसिद्ध केलेलेच हे चित्र. बारामतीहून त्याचा सहा फुटी फ्लेक्स छापून आणला होता. मुलांनी पुठ्ठा आणि लाल-निळ्या जिलेटीन कागदाचे चष्मे केले होते. उत्साह दांडगा, पण चित्र वाईट. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, मला दोन यानं दिसतात.” “डोळे तपासून घे,” असे उत्तर मिळाले आणि रांग पुढे सरकली. चष्मा लावल्यावर आम्हालाही दोनच दिसली!

‘प्रज्ञान’वरील कॅमेऱ्यांनी टिपलेले डावे चित्र यात लाल रंगात, तर उजवे हिरव्या आणि निळ्या रंगांत आहे. म्हणजे उजव्या डोळ्यापुढे निळसर-हिरवी, सायन, गाळणी हवी. नुसता निळा कागद हिरवा प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून चित्र काळवंडते. त्यातून लाल निसटला की डावे चित्र उजव्या डोळ्यात शिरते. छपाईची त्यात भर. डावे चित्र सायन शाईतून उमटते आणि ती शाई लालबरोबर थोडा हिरवाही शोषते. यानाच्या कडांसारख्या उजेड-अंधाराच्या तीव्र सीमेवर ही जोडप्रतिमा जास्त खुपते.

दोष चष्म्याचा की डोळ्यांचा, हे ठरवणे अवघड नाही. चष्मा लावून एक डोळा झाका. एकाच डोळ्याला दोन प्रतिमा दिसल्या, तर आधी गाळणी आणि छपाईवर संशय घ्या. मोबाइलच्या पडद्यावर गडद लाल चौकोन काढून उजव्या गाळणीतून पाहा. तो जवळपास काळा दिसायला हवा. प्रत्येक डोळ्याला चित्र स्वच्छ दिसूनही दोन्ही डोळ्यांनी खोली जाणवत नसेल, तर मात्र नेत्रतपासणी जरूर करावी. तिरळेपणा किंवा ‘आळशी डोळा’ असेल तर असे होते, आणि ते लहानपणी कळलेले बरे.

फ्लेक्सचा आकारही आम्हाला पटला नाही. चित्र मोठे केले की डाव्या-उजव्या प्रतिमांमधले अंतरही त्याच पटीत वाढते. लांबच्या वस्तूंसाठी ते आपल्या बाहुल्यांमधील अंतरापेक्षा, सुमारे 6 सेंटिमीटरपेक्षा, जास्त झाले तर डोळे बाहेरच्या बाजूला वळवावे लागतील. मोठ्यांनाही ते जमत नाही. मुलांच्या बाहुल्या तर आणखी जवळ असतात. (दोन-तीन मुलांनी चष्मा उलटा लावला होता. त्यांना उंचवटे खड्ड्यांसारखे दिसत होते, आणि तेच प्रदर्शनातले सर्वांत चांगले निरीक्षण होते.)

त्या मुलीला आम्ही डावा डोळा झाकायला सांगितला. एकट्या उजव्या डोळ्यालाही याने दोनच! मग आमच्याजवळचा लाल-सायन चष्मा देऊन तेच चित्र शाळेच्या संगणकावर वीतभर आकारात दाखवले. तिने काही न बोलता पडद्यासमोरच्या रिकाम्या जागेत बोट नेले.