हौसेचा दागिना: थोडं कौतुक, थोडी कानउघाडणी

मंडळी, गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेला लागून हस्तकलेची सहा टेबलं मांडली होती, ती तुम्हाला आठवत असतील. त्यातल्या चार टेबलांवर रेझिनचे दागिने होते. रांग पुढे सरकत नव्हती आणि श्रीखंड संपण्याची भीती होती, तरीही बायका (आणि दोन-तीन नवरेसुद्धा) तिथे थबकत होते. स्मरणिकेच्या संपादकांनी मला त्याच्यावर लिहायला सांितलं तेव्हा एक अट घातली, "नुसतं छान छान लिहू नका, काय वाटलं ते लिहा." तेव्हा कोणाला राग आला तर अर्धा त्यांच्या नावावर टाकावा.

आधी या पदार्थाची ओळख. रेझिन म्हणजे मुळात राळ. झाडाला जखम झाली की पाझरते ती. आज घरोघरी वापरतात ते मात्र कारखान्यात तयार झालेलं इपॉक्सी. एका बाटलीत रेझिन, दुसऱ्या बाटलीत हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओतायचं आणि एक ते तीन दिवस हात न लावता बसायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण! आपल्या पिढीला हे प्रकरण नवीन नाही. वडील तुटलेल्या कपाचा कान दोन ट्यूबांमधला चिकट पदार्थ काडीने कालवून जोडायचे, ते अराल्डाइट याच घराण्यातलं. सिबा या स्विस कंपनीने ते १९४६ साली बाजारात आणलं. तेव्हा कपाचा कान जोडणारा हा गृहस्थ आता आपल्या कानात लटकतो आहे, एवढाच काय तो फरक.

"प्लास्टिकचा कसला आलाय दागिना?" असं रांगेतल्या एक आजी माझ्याच मागे उभ्या राहून म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात जुना साज होता. आता गंमत बघा. आपल्या जुन्या घडणीत सोन्याचा पातळ पत्रा वळून पोकळ मणी करायचे आणि तो चेपू नये म्हणून आत लाख भरायचे. मोड द्यायला गेलं की सराफ लाखेचं वजन वजा करतो, हे प्रत्येक सासुरवाशिणीने अनुभवलेलं आहे. आणि लाख म्हणजे काय? पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांनी तयार केलेली राळच. म्हणजे राळ आपल्या दागिन्यात पिढ्यान् पिढ्या होती, फक्त सोन्याच्या पदराआड होती. आता ती बाहेर येऊन बसली आहे. इकडे अमेरिकेत तर लिओ बेकलंड या रसायनतज्ज्ञाने १९०७ साली बेकेलाइट शोधलं आणि १९३० च्या मंदीच्या दशकात त्याच्या रंगीत, कोरीव बांगड्या बायकांनी हौसेने घातल्या. आज त्याच बांगड्या जुन्या वस्तूंच्या दुकानात चांगला भाव मिळवतात. तेव्हा पदार्थ स्वस्त आहे म्हणून दागिना हलका ठरत नाही. त्या पदार्थाचं काय केलं, हे बघावं लागतं.

आणि इथेच माझी पहिली तक्रार. त्या चार टेबलांवर मी तीन प्रकार पाहिले. पहिला नकलेचा. रेझिनची नथ, रेझिनचे पाचू, रेझिनचे मोती. हात सफाईदार होता, पण दुसऱ्याचं सोंग घेतलं की तुलना अटळ असते. मोत्याची झळाळी त्याच्या थरांमधून येते, ती अभ्रकाची पूड मिसळून आणता येत नाही. काच किंवा खडा होण्याचा प्रयत्न करणारं रेझिन नेहमी दुसरा नंबर मिळवणार. त्याचा स्वतःचा गुण वेगळाच आहे. ते पारदर्शक आहे, वजनाला हलकं आहे आणि कोणतीही वस्तू पोटात घेऊ शकतं. दोन इंचांचं कानातलं सोन्यात केलं तर कान ओघळेल, रेझिनमध्ये ते दिवसभर घालता येतं. हा गुण ओळखून केलेली निळी-हिरवी, लांब, पाण्याच्या थेंबासारखी कानातली एका टेबलावर होती. ना चकाकी, ना सोनेरी वर्ख. मला ती सगळ्यांत आवडली, पण माझ्याआधी कोणीतरी उचलली.

दुसरा प्रकार कापडाचा. एका ताईंनी फाटलेल्या पैठणीच्या पदरातले मोर कापून रुंद कड्यांमध्ये बसवले होते. कल्पना अस्सल आपली. पैठणी फेकवत नाही, नेसवत नाही आणि इथल्या मुलींना ती कपाटात नको असते. जर रेझिनमध्ये छान उठून दिसत होती. पण रेशीम काळवंडलं होतं. कापड रेझिन पितं आणि ओलं झाल्यासारखं गडद होतं. आधी दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ हात देऊन, पूर्ण वाळवून मग ओतलं असतं तर त्या जांभळ्या रंगाचा जांभळेपणा राहिला असता. जुनं वस्त्र एकदाच कापता येतं. आधी चिंधीवर करून बघावं, मग मोराला हात लावावा.

तिसरा प्रकार फुलांचा, आणि सर्वात मोठी गर्दी तिथेच. गुलाबाच्या पाकळ्या, शेवंती, झेंडू, फर्नची पानं. इथे कारागिरीचा खरा कस लागतो, कारण फुलात जरा जरी ओल राहिली तरी ते आतल्या आत तपकिरी होतं आणि मग काही इलाज नसतो. पुस्तकात दाबून किंवा सिलिका जेलमध्ये पुरून फूल कुरकुरीत वाळावं लागतं. मोगरा तर वाळतानाच पिंगट होतो, त्याचा शुभ्रपणा कोणाला टिकवता आला तर मला जरूर कळवा. दोन पेंडंटमध्ये फुलाच्या कडेने बुडबुड्यांची माळ होती. मिश्रण घाईघाईने फेटलं की हवा शिरते. रेझिन थंड असेल तर घट्ट होतं आणि बुडबुडे वर येत नाहीत. आपल्याकडच्या जानेवारीतल्या बेसमेंटमध्ये हा उद्योग करणाऱ्यांनी बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवाव्यात. आणि कृपा करून दागिना उलटा करून बघा. मागची कड बोटाला टोचत असेल तर काम अर्धंच झालं. बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासायचा कंटाळा लपत नाही.

आता कानउघाडणी, आणि ही मनापासून आहे. दोन टेबलांवर मला अभिमानाने सांगण्यात आलं की हे सगळं स्वयंपाकघरात, मुलांना बरोबर घेऊन केलं. न जमलेलं, म्हणजे ओलं रेझिन त्वचेला लागत राहिलं तर अॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की साधारणपणे जन्माची सोबत करते. मग थोड्याशा संपर्कानेही हात फुटतात. दिव्याखाली काही मिनिटांत जमणारं यूव्ही रेझिन त्याहून सुरक्षित आहे असा समज आहे, तोही खरा नाही. त्यातली रसायनं जेलच्या नेलपॉलिशच्या कुळातली, आणि त्यांची अॅलर्जी पुढे दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा आडवी येऊ शकते. तेव्हा नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी, वेगळी भांडी आणि कोरडं घासताना मास्क हवाच. उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही, जमू द्यायचं आणि मग कचऱ्यात टाकायचं. लहान मुलांनी फुलं वेचावीत, मांडणी करावी. ओतणं मोठ्यांनी करावं. फराळाच्या पातेल्याशेजारी तर हे नकोच नको.

याहून अवघड प्रश्न चौथ्या टेबलावर होता. तिथे गणपतीच्या निर्माल्यातल्या झेंडूच्या पाकळ्या आणि दूर्वा घालून केलेली पेंडंट्स होती. सर्वांत आधी तीच संपली. मला ती सुंदर वाटली आणि त्याच क्षणी खटकलीसुद्धा. आपल्या सणाची सगळी गंमत विसर्जनात आहे. मातीचा देव दीड, पाच, दहा दिवसांनी पाण्यात जातो, फुलं मातीला मिळतात आणि पुढच्या वर्षी लवकर या असं आपण म्हणतो, कारण त्याला जाऊ दिलेलं असतं. तेच फूल कधीही न कुजणाऱ्या पदार्थात कोंडलं तर ते निर्माल्य राहिलं का? ज्या ताईंनी ती केली होती त्यांना मी हे विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "इथे नदीत फुलं टाकू देत नाहीत. कचऱ्याच्या पिशवीत टाकायला माझा हात धजत नाही. मग मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परसात खड्डा करून पुरावीत हे आज सुचतं आहे, पण अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना परस कुठून आणायचं?

मी हे इतकं कळकळीने का लिहिते आहे, तेही सांगून टाकते. आई गेली ती २०२० मध्ये. विमानं बंद होती. शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर झालं. दीड वर्षाने घरी गेले तेव्हा तिच्या पोथीत प्राजक्ताची तीन फुलं सापडली. पाकळ्या कागदासारख्या झाल्या होत्या, पण देठांचा केशरी रंग तसाच होता. परत आल्यावर मीही साचा आणला, बाटल्या आणल्या आणि एक फूल रेझिनमध्ये ठेवलं. घाई केली. रेझिन शिरलं तशी पाकळी जवळजवळ दिसेनाशी झाली. उरला तो एक केशरी ठिपका आणि एक बुडबुडा. ते पेंडंट मी खिडकीत टांगलं होतं. उन्हाने इपॉक्सी पिवळं पडतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन उन्हाळ्यांत ते चहाच्या रंगाचं झालं.

म्हणजे कायमचं राहील म्हणून ज्यात ठेवलं, तेही बदलतंच. बाटलीवरच्या जाहिरातीत "कायमस्वरूपी" हा शब्द असतो, तो मनावर घेऊ नये. उन्हापासून, गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डपासून दूर ठेवलं तर दागिना बरीच वर्षं चांगला राहील, एवढंच खात्रीने म्हणता येतं. उरलेली दोन फुलं मी पुन्हा पोथीत ठेवली आहेत. तिथे ती अजून तशीच आहेत.

तर निकाल असा. नकलेच्या दागिन्यांना मी पन्नास गुण देईन, पैठणीच्या कड्यांना पासष्ट, आणि त्यातले पुढचे गुण चिंधीवरच्या सरावाने मिळतील. फुलांना गुण देण्याचा अधिकार माझा नाही, ज्याचं फूल त्याने द्यावेत. मात्र पुढच्या दिवाळीला टेबल मांडणाऱ्यांना एक विनंती आहे. दागिन्याबरोबर एक छोटी चिठ्ठी द्या: फूल कोणतं, कोणाच्या अंगणातलं, कोणत्या वर्षीचं. ठिपका उरला तरी चिठ्ठी बोलेल. चिठ्ठीशिवाय उद्या आपल्या नातवंडांच्या हाती फक्त एक पिवळं पडलेलं प्लास्टिक लागेल, आणि ते टाकून देतील तेव्हा त्यांचा काही दोष नसेल.

आणि हो, ती निळी-हिरवी कानातली ज्यांनी नेली त्यांनी एकदा तरी कार्यक्रमाला घालून यावं. श्रीखंडाच्या रांगेत मी बघत असेनच.