कॅमेऱ्याचं माहितीपत्रक पेपरसारखं वाचा

'क्रिटिकल रीडिंग कसं करायचं?' हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. सरावासाठी प्रत्येक वेळी जर्नलच पाहिजे असं नाही. पिपरी मेघेसारख्या, वर्ध्याला चिकटून वाढलेल्या गावात वायफाय कॅमेरा आता नवलाचा राहिलेला नाही. त्याच्या डब्यात एक घडीचं माहितीपत्रक येतं. ते आज 'मेथड' म्हणून वाचू.

पहिली सूचना: 'फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ वापरा.' का, ते लिहिलेलं नसतं. स्वस्त कॅमेऱ्यात बहुधा तेवढ्याच पट्ट्याची चिप असते. शिवाय भिंत ओलांडताना या लहरी ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा कमी क्षीण होतात. पण याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर आणि ब्लूटूथही असतात, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सूचना बरोबर आहे, पण कारण गाळलं की अडलेल्या माणसाला पुढे विचारच करता येत नाही.

दुसरी: 'सिग्नल चांगला असावा.' चांगला म्हणजे किती? काही ॲप हा आकडा डीबीएममध्ये दाखवतात. उणे ६० चं उणे ७० झालं, तर पोचणारी शक्ती एकदशांश झाली. एकक नसलेलं विधान तपासता येत नाही, मग ते पत्रकात असो की पेपरमध्ये.

तिसरी: 'न जुळल्यास रिसेट करा.' रिसेटने सगळ्या सेटिंग एकदम पुसल्या जातात. नंतर कॅमेरा जुळला तरी बिघाड कशात होता ते कळत नाही. त्यापेक्षा सेटिंगला हात न लावता कॅमेरा राउटरजवळ आणून बघा. तिथे जुळला, तर संशय अंतरावर आणि भिंतीवर. तिथेही नाही जुळला, तर पासवर्ड बघा, किंवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलाय का ते बघा. जुन्या कॅमेऱ्यांना ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढंच.

चौथी सूचना मात्र घातक आहे: 'पासवर्ड टाका.' कोणता? वायफायचा एक आणि कॅमेऱ्याच्या लॉगिनचा दुसरा. लोक पहिला मजबूत करतात आणि निश्चिंत होतात. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने दुसराच पकडला. कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्याने इंटरनेटवरून टेलनेटमधून चालवून बघितल्या. तिथे वायफायच्या पासवर्डचा संबंधच नव्हता. काही उपकरणांत तर तो पासवर्ड मालकाला बदलताही येत नव्हता, म्हणून सगळा दोष वापरणाऱ्यावर टाकणं बरोबर नाही.

आता त्यावरचा पेपर घ्या: 'अंडरस्टँडिंग द मिराई बॉटनेट', युझनिक्स सिक्युरिटी परिषद, २०१७. संशोधकांनी कुणीच वापरत नसलेल्या सुमारे ४७ लाख आयपी पत्त्यांवर पाळत ठेवली. तिथे दार ठोठावणारं उपकरण संशयित. यातून एका वेळी जास्तीत जास्त सुमारे ६ लाख बाधित उपकरणं मोजली गेली. पत्ते बदलत राहतात, म्हणून एकच उपकरण पुन्हा पुन्हा मोजलं जाऊ शकतं. हे ओळखून त्यांनी एकूण पत्ते न मोजता दर तासाला सक्रिय असलेले मोजले. पेपरची ही बाजू मला फार आवडते. पण एका राउटरमागे दोन बाधित कॅमेरे असतील तर बाहेरून पत्ता एकच दिसतो. म्हणजे 'उपकरणं' हा शब्द वाचताना मनात 'पत्ते' असं म्हणायचं. आकडा खोटा ठरत नाही, फक्त तो नेमका कशाचा आहे ते कळतं.

घरी कॅमेरा असेल तर आज तीन गोष्टी करा: लॉगिनचा पासवर्ड बदला, राउटरमधलं यूपीएनपी गरज नसेल तर बंद करा, फर्मवेअर अपडेट बघा. मग ते पत्रक काढून प्रत्येक सूचनेपुढे लिहा: कारण दिलंय का? एकक आहे का? चुकलं तर कसं कळेल? हेच तीन प्रश्न घेऊन पुढचा पेपर उघडा.