इंग्रजी निबंधाचा प्रारंभ आणि प्रतिज्ञावाक्य

इंग्रजी निबंधाची प्रस्तावना विद्यार्थ्याकडून पाठ करून घेण्याची जी रूढी अनेक वर्गांतून पडली आहे, ती सोडून दिली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या रूढीने भाषेचे नुकसान होते हे खरेच. परंतु आपल्याला स्वतःचे मत असू शकते ही गोष्टच विद्यार्थी विसरतो, हे नुकसान त्याहून मोठे आहे. हे मत आम्ही पहिल्याच वाक्यात मांडले ते बुद्धिपुरस्सर. निबंधाचा सिद्धान्त ज्या एका वाक्यात सांगावयाचा, व ज्याला इंग्रजीत थीसिस स्टेटमेंट म्हणतात, त्याला या लेखात आम्ही 'प्रतिज्ञावाक्य' म्हणू.

विषय 'ग्रंथालय' असा दिला, तर उत्तरपत्रिकांतून दोन प्रकारचे प्रारंभ हटकून आढळतात. पहिला असा : अतिप्राचीन काळापासून मानव ज्ञानाची उपासना करीत आला आहे. हे वाक्य ग्रंथालयाला लागू पडते, तसे विज्ञानाला, प्रवासाला आणि वृत्तपत्रालाही लागू पडते. जे सर्वत्र चालते ते कोठेच उपयोगी नसते. दुसरा असा : या निबंधात मी ग्रंथालयाचे फायदे सांगणार आहे. ही केवळ घोषणा झाली. ती नाकारण्याचे कारण कोणालाच नाही, म्हणून ती सिद्ध करण्याचेही कारण उरत नाही. आता तिसरा प्रारंभ पाहू. गावचे ग्रंथालय टिकवावयाचे असेल, तर नव्या पुस्तकांपेक्षा ते रात्री नऊपर्यंत उघडे ठेवण्यावर आधी खर्च केला पाहिजे. कारण श्रम करणाऱ्या वाचकाला तेवढीच वेळ मोकळी असते. या वाक्याशी मतभेद होऊ शकतो. पुस्तकेच नसतील तर उघडे ठेवून काय उपयोग, असे कोणी विचारील. असे विचारता येते, म्हणूनच ते प्रतिज्ञावाक्य होय. शिवाय पुढील परिच्छेदांत कशाचा विचार व्हावयाचा आहे, हेही त्याने ठरवून टाकले.

हा विचार आपल्याकडे परका नाही. न्यायशास्त्रातील पंचावयव वाक्यात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असा क्रम सांगितला आहे. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर दिसतो, हा हेतू. निगमनात प्रतिज्ञेचाच पुनरुच्चार होतो. पण पहिल्याने ती साध्य होती, शेवटी ती सिद्ध झालेली असते. इंग्रजी निबंधाच्या उपसंहारात प्रस्तावनेतील विधान पुन्हा का आणावयाचे, याचे इतके नेमके उत्तर व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. मीमांसकांचा पूर्वपक्षही येथे स्मरावा. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडून मग स्वतःचा सिद्धान्त सांगणे, ही प्रस्तावनेची एक उत्तम रीत आहे. जॉर्ज ऑर्वेल यांनी 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' या १९४६ च्या निबंधात तीच योजिली आहे. इंग्रजी भाषा बिघडली आहे, पण त्यावर उपाय नाही, असा लोकांचा समज ते प्रथम सांगतात. आणि ही प्रक्रिया परतवता येते, ही आपली प्रतिज्ञा त्यानंतर मांडतात.

यावर एक आक्षेप संभवतो. इंग्रजीतील थोर निबंधकार हे नियम कोठे पाळतात? आक्षेप रास्त आहे. १५८० मध्ये माँतेन यांनी फ्रेंचमध्ये या प्रकाराला जे नाव दिले, त्याचा अर्थच 'प्रयत्न' असा आहे. आणि १७५५ च्या आपल्या कोशात जॉन्सन यांनी निबंधाची व्याख्या मनाची स्वैर, अव्यवस्थित धाव अशाच आशयाची केली. परंतु स्वैर निबंधाचा प्रारंभही निर्हेतुक नसतो. चार्ल्स लँब यांचा भाजलेल्या डुकरावरील १८२२ चा निबंध माणसे युगानुयुगे कच्चे मांस खात होती, येथून सुरू होतो. तो पांडित्याचा उपहास आहे. लँब यांनी जे विनोदाने लिहिले, ते आमचे विद्यार्थी गांभीर्याने लिहितात! याच्या उलट, बेकन यांच्या १५९७ च्या पहिल्या संग्रहातील दहांपैकी पहिला निबंध अध्ययनावर आहे. त्यात पहिल्याच वाक्यात अध्ययनाचे तीन उपयोग सांगून निबंधाची वाट आखली आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ च्या 'अ रूम ऑफ वन्स ओन'मध्ये, कथालेखन करू इच्छिणाऱ्या स्त्रीजवळ पैसा आणि स्वतःची खोली हवी, हे मत प्रारंभीच सांगितले. आणि ते मत कसे बनले हे दाखविण्यात सारे पुस्तक खर्ची घातले. म्हणजे प्रतिज्ञा आधी सांगितल्याने रस ओसरतो, ही भीती व्यर्थ आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. जॉन्सन व मेकॉले यांचे संस्कार त्यांच्यावर होते, हे सर्वश्रुत आहे. त्यांची सर्व मते आज कोणी मान्य करणार नाही. पण त्यांचे मत कोणते, हे वाचकाला शोधीत बसावे लागत नाही. इंग्रजी ग्रंथकारांकडून घेण्यासारखी खरी वस्तू ती हीच. तयार वाक्ये घेऊन काय होणार?

मग वर्गात काय करावे? आमची सूचना साधी आहे. विषय दिल्यावर विद्यार्थ्याला प्रथम मराठीत विचारावे : तुझे म्हणणे काय, आणि ते कोणाला पटणार नाही? उत्तर मिळाले की त्याचे एक इंग्रजी वाक्य करवावे. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे कारणांची माळ आधी आणि निर्णय मागून, अशी सवय विद्यार्थ्याला असते. इंग्रजीत मुख्य विधान पुढे घेऊन कारण मागे ठेवण्याचा सराव येथेच होतो. नंतर मधले परिच्छेद लिहवावेत आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. कारण ज्याची ओळख करून द्यावयाची, ते आधी अस्तित्वात असले पाहिजे.

राहिला गुणांचा प्रश्न. पाठ केलेल्या निर्दोष प्रस्तावनेला आपण अधिक गुण देतो आणि अडखळत मांडलेल्या स्वतःच्या मताला कमी. तोवर विद्यार्थी पाठच करणार, आणि त्यात दोष त्याचा नाही. व्याकरणाची चूक पुढील वर्षी सुधारता येते. पण मत मांडण्याचे धैर्य एकदा गमावले, की ते त्याला इंग्रजीतही सापडत नाही आणि मराठीतही सापडत नाही.