मर्टन पाठ झाला, पण गुन्हा मोजला कुणी?

सेट-नेटची तयारी करताना 'विचलन' या प्रकरणात रॉबर्ट मर्टन भेटतोच. १९३८ चा त्याचा लेख, त्यातले पाच प्रकार, तुम्ही पाठही केले असतील. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पैसा कमवा, मोठे व्हा. पण तिथे पोचायचे सरळ रस्ते सगळ्यांना सारखे मिळत नाहीत, म्हणून काही जण आडमार्ग धरतात. दोष माणसाच्या रक्तात न शोधता समाजरचनेत शोधला, हे मला आजही पटतं.

अडचण पुढे आहे. मी मूळची विज्ञान शाखेची. लॅबमध्ये आकडा आला की पहिला प्रश्न असतो, कशाने मोजलंस? खालच्या थरात गुन्हे जास्त का, हे मर्टन सांगतो. पण ते जास्त आहेत हे कुणी सांगितलं? सरकारी नोंदींनी. त्या नोंदी अपुऱ्या आहेत हे मर्टननेही मान्य केलं होतं, पण आपल्या नोट्समध्ये नेमकी तीच ओळ गळते.

एडविन सदरलँडने १९४९ मध्ये दुसरीकडे पाहिलं. अमेरिकेतल्या ७० बड्या कंपन्यांविरुद्धचे निर्णय त्याने गोळा केले. ते भरले ९८०, आणि त्यातले बहुतेक फौजदारी न्यायालयांचे नव्हतेच. म्हणजे कायदा मोडला, पण गुन्ह्यांच्या आकडेवारीत आलं नाही. गंमत बघा, पुस्तक छापताना कंपन्यांची नावं गाळली गेली. ती १९८३ च्या आवृत्तीत आली!

आपल्याकडे तर उलटंच झालं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर आधी शिक्का मारला. पुढे सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. हजेरी चुकवली, पास न घेता बाहेर गेलं, की शिक्षा. आता विचार करा, एखाद्या जमातीचं नुसतं गैरहजर राहणंच गुन्हा ठरलं, तर तिच्या नावावर गुन्हे जास्त दिसणारच ना? ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती 'विमुक्त' झाल्या. संशय मात्र पारधी वस्तीवर आजही आधी जातो. हे मर्टनच्या पाचपैकी कुठल्या खान्यात बसवाल? मला तरी बसवता आलं नाही.

म्हणून 'दारिद्र्य आणि गुन्हेगारी' असा विषय घेऊन एनसीआरबीचे तक्ते जोडणार असाल तर जरा थांबा. तिथे एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी मुख्य गणनेत सर्वांत गंभीर एकच धरला जातो. आणि एफआयआरच झाला नाही, तर काहीच नाही. तुमच्या चलाचं खरं नाव 'नोंदलेले गुन्हे' आहे. शीर्षकात तसंच लिहा. मग गाईड विचारतील, नोंद होते कशी ते पाहिलंस का? त्यासाठी पोलीस ठाण्यात बसायची परवानगी लागेल. तिला वेळ लागतो, अर्ज पहिल्याच सत्रात टाका.